अण्णांची पिसोरी

श्री. परशराम कडोलकर यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असल्याने गौरवग्रंथासाठी लेख मागणारे गौरव समितीचे पत्र आले, तेव्हा पत्रातले नाव वाचून मी क्षणभर थबकले. बेळगावात त्यांना परशराम म्हणणारे आता कुणी उरलेले नाही. ते सगळ्यांचे अण्णा.

छत्तीस वर्षांपूर्वी नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा होता, म्हणून मी शहापुरातल्या त्यांच्या स्टुडिओची पायरी चढले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ ठेवून, हनुवटी उचलून बसले. शेजारच्या घरात माग चालू होता. अण्णा कॅमेऱ्यामागून म्हणाले, "श्वास सोडा, बाई. हितं कुणी तुमास्नी शिक्षा करत न्हाय." मला हसू फुटले आणि त्यांनी तेवढ्यात खटका दाबला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. इतकी निर्धास्त मी नंतरच्या कुठल्याच फोटोत दिसत नाही.

स्टुडिओच्या भिंतीवर नवरानवरींच्या जोड्या ओळीने लावलेल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक उदमांजर. फांदीवर बसून थेट आमच्याकडे बघणारे. मी त्याबद्दल विचारले. अण्णा म्हणाले, "बघा की, नवऱ्यामुलापरीस शांत बसलंय." मी जीवशास्त्र शिकवणार आहे हे कळताच त्यांनी मला पुढच्या रविवारी खानापूरच्या बसला यायला सांगितले. आठवडाभर लग्ने आणि पासपोर्ट फोटो, आणि रविवारी रान, हा त्यांचा नेम होता. मीही त्या नेमात कधी सामील झाले ते कळलेच नाही.

अण्णांचे काम लपणात बसून चाले. लपण म्हणजे फांद्या, गवत आणि जुन्या गोणपाटांची एक माणूस जेमतेम मावेल अशी खोपी. ती बांधून झाली की अण्णा तीन आठवडे तिकडे फिरकत नसत. रानाला ती जुनी वाटली पाहिजे, असे ते सांगत. रानात घालायचे कपडे ते साबण न लावता धूत आणि रानात आमिष कधीच टाकत नसत. एकदा कोल्हापूरच्या एका हौशी पाहुण्यांनी, माणसे लावून जनावर समोर हाकलून आणू या, असे सुचवले. अण्णांनी त्यांना शांतपणे विचारले, "तुमच्याकडं नवरीला ढकलून मांडवात आणत्यात व्हय?" पाहुणे पुन्हा आले नाहीत.

माझे काम निघून जाण्याचे होते. हे ऐकून लोक हसतात, पण ते खरे आहे. लपणाकडे आम्ही दोघे जायचो, अण्णा आत बसायचे आणि मी एकटी परत फिरायची. रानातल्या जनावराला माणूस आलेला कळतो आणि गेलेलाही कळतो. किती आले आणि किती गेले याचा हिशेब ते ठेवत नाही. मात्र परतताना दोघे चालल्यासारखा आवाज व्हायला हवा, अशी अण्णांची अट असे. मग मी शाळेतल्या इंग्रजी कविता मोठ्याने म्हणत, स्वतःलाच प्रश्न विचारत आणि आवाज बदलून उत्तरे देत रस्त्यापर्यंत जात असे. "तुमच्या इंग्रजीनं हितली रानडुकरं मॅट्रिक झाली असतील," असे अण्णा मला म्हणत.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. माझी आई गेली तेव्हा तिचा एकही चांगला फोटो घरात नव्हता. ती नेहमी कॅमेऱ्यासमोरून पदर ओढून उठायची. बाराव्या दिवशी अण्णा एक पाकीट घेऊन आले. आमच्या नात्यातल्या एका जुन्या लग्नाच्या निगेटिव्ह त्यांनी तीन रात्री चाळल्या होत्या आणि पंगतीच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी बोलण्यावर मनापासून हसणारी आई त्यांनी शोधून काढली होती. घरी तिला असे हसताना मीच किती कमी पाहिले होते.

आता पिसोरीविषयी. सशापेक्षा थोडे मोठे, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असलेले हे लहानसे हरीण अंधार पडू लागल्यावर बाहेर येते आणि पान हलले तरी नाहीसे होते. खानापूर भागातल्या एका गावाच्या देवळालगतच्या राईत अण्णांनी ते एकदा ओझरते पाहिले होते. पुढची बारा वर्षे ते त्या राईत बसत राहिले. पिसोरी काही आली नाही. खुरांचे ठसे दाखवले तर लोक म्हणत, करडाचे असतील. गावात बस चुकली किंवा एखादा अर्ज मंजूर झाला नाही, की "ती काय, अण्णांची पिसोरी" असे म्हणायची पद्धतच पडली. अण्णा स्वतःही त्यावर हसत.

मग तीन वर्षांपूर्वी गावाने देवळासाठी मोठा सभामंडप बांधायचे ठरवले. जागा राईच्या खालच्या अंगाची, म्हणजे नेमकी उंबराची. पिसोरी खाते ती फळे जिथे पडतात, ती. गावचे पंच सातेरी आप्पा भले गृहस्थ. त्यांनी अण्णांना समजावून सांगितले की, लोकांना तिथे नुसती झुडपे दिसतात. "फोटो दाखवा, अण्णा. रविवारी बैठक हाय. फोटो असला तर मी सोता लोकास्नी सांगतो. नसला तर माझ्या हातात काय न्हाय."

अण्णा निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेले. लहानपणीच्या त्या धुळीचा खोकला त्यांना हिवाळ्यात गाठतो, आणि त्या आठवड्यात त्याने त्यांना पुरते गाठले होते. उंबराखाली मंद दिवा ते पंधरा दिवस आधीपासून रोज लावत होते, म्हणजे उजेडही रानाच्या ओळखीचा झालेला. सगळे जुळून आले होते. पण गुरुवारी खोकला आला आणि झुडपात काहीतरी सुर्रकन पळाले. शुक्रवारी पुन्हा तेच.

शनिवारी दिवस मावळताना आम्ही लपणापाशी पोचलो. अण्णांनी कॅमेरा तिपाईवर बसवला, उंबराच्या बुंध्यावर नेम धरला आणि ते बाजूला झाले. आज मी आत बसायचे, ते निघून जाणार, असे त्यांनी सांगितले. बारा वर्षे ज्यांनी वाट पाहिली त्यांची जागा मी कशी घ्यायची, असे काहीतरी मी पुटपुटले.

"फोटो पिसोरीचा काढायचाय, बाई," ते म्हणाले. "माझा न्हाय."

ते मुद्दाम पाय आपटत, पाचोळा तुडवत निघाले. खोकला त्यांनी दाबला नाही. उलट चांगला मोठ्याने येऊ दिला. तो वळणापलीकडे गेला, मग ओढ्यापलीकडे, मग ऐकू येईनासा झाला. माणूस गेल्याचे साऱ्या रानाला कळले. अर्ध्या तासाने उंबराखालच्या मंद उजेडात ती येऊन उभी राहिली होती. कुठून आली ते मी पाहिले नाही. पेन्सिलीसारखे पाय, पाठीवर ठिपके. तिने एक उंबर खाल्ले आणि मान वर केली. मी अण्णांनी शिकवल्याप्रमाणे श्वास सोडला आणि तीन फोटो काढले. तिसऱ्या वेळी तिने पुढचा खूर जमिनीवर आपटला आणि ती गेली.

अण्णा रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. मी कॅमेरा पुढे केला. ते बराच वेळ पाहत राहिले, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. "फोकस डोळ्यावर हाय," ते म्हणाले. "शाब्बास."

बेळगावला परतून त्यांनी त्याच रात्री स्टुडिओ उघडला आणि सकाळच्या बसने आम्ही दारभर उंचीचा फोटो घेऊन बैठकीला गेलो. देवळासमोर तो उभा केला तेव्हा लोक पुढे सरकले. सातेरी आप्पांनी जवळ जाऊन ठिपक्यांवरून बोट फिरवले. मागून कुणी तरी म्हणाले, "आयला, खरंच हाय की रं." सभामंडप शाळेजवळच्या मोकळ्या जागेत बांधायचे त्याच बैठकीत ठरले, एकही विरोधी हात वर न होता. आप्पांनी अण्णांच्या गळ्यात हार घातला. फोटो बाईंनी काढला, मी रस्त्यावर खोकत बसलोतो, असे अण्णा भर सभेत सांगत राहिले. लोकांना तो त्यांचा विनय वाटला, आणि मला वाटते या ग्रंथातही अनेकांनी तसेच लिहिले असेल. म्हणून इथे स्पष्ट करते: अण्णा सांगतात ते खरे आहे. बटण मी दाबले. पण बारा वर्षे वाट पाहून, ऐन वेळी ती जागा दुसऱ्याला देऊन चालू लागणे मला जमले नसते.

गेल्या महिन्यात सातेरी आप्पांचा फोन आला. राईत पिसोरीबरोबर पिल्लू दिसले म्हणे. मी लगेच कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली. अण्णांनी मात्र वर्षभर तिकडे जायचे नाही असे बजावले. बाळंतिणीला त्रास कशाला द्यायचा.

तर अण्णा, तुमची वर्षाची अट आम्हांला मान्य आहे. ते पिल्लू मोठे होवो, त्याची पिल्ले उंबराखाली येवोत आणि त्यांचीही पिल्ले येवोत. आणि त्या प्रत्येक खेपेला "आत्ता नको, थांबा" असे आम्हांला सांगायला तुम्ही ठणठणीत प्रकृतीने राईच्या तोंडाशी उभे असा.