मामींच्या घरातलं बोटीचं घड्याळ

मामींना वेळ विचारली की त्या एक नव्हे, दोन वेळा सांगायच्या. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर दारात थांबून वेळ विचारायचा आणि मामी आतून म्हणायच्या, "हय सात वाजले, तेंका साडेपाच." पोदेर नवखा असला तर गोंधळून एखादा पाव जास्तच देऊन जायचा, असं बाबा सांगत. बाबा थापा मारण्यात वस्ताद होते. पण मामींचं उत्तर मात्र खरं होतं. त्यांचे 'ते', म्हणजे आमचे शेजारचे मामा, तेलवाहू बोटीवर सुकाणू धरायचे. आणि घरात घड्याळं दोन होती. भिंतीवरचं आमच्या गावचं, धारगळचं, फळीवरचं बोटीचं.

मामा सुटीवर आले की संध्याकाळी सोप्यावर बैठक जमायची. मामा सांगत, पूर्वी बोटीवर वाळूचं घड्याळ असे, ते उलटं करणाऱ्याला डुलकी लागली की सगळाच हिशेब चुकायचा. ध्रुवताऱ्यावरून उत्तर-दक्षिण कळे, पण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आलो हे कळायला काहीच साधन नव्हतं. किनारा लांब आहे म्हणून निर्धास्त असलेली गलबतं खडकांवर फुटायची. लंबकाचं घड्याळ हेलकाव्यांनी बिघडायचं. मग कुणीतरी आयुष्यभर खपून असं घड्याळ केलं, की जे डोलत्या बोटीवरही सोडलेल्या बंदराचीच वेळ दाखवत राहील. समुद्रात सूर्य माथ्यावर आला, म्हणजे इथे बारा वाजले, की त्या घड्याळात तिथले किती ते पाहायचं. जितका फरक, तितकं बंदर लांब. त्या घड्याळाला अजून रोज चावी देतात, काटे मात्र कुणी हलवत नाही, हे मामा अशा थाटात सांगत की जणू ती चावी त्यांच्याच खिशात असावी.

मामींनी यातून आपल्यापुरतं तेवढं उचललं आणि मामांनी आणलेलं गजराचं घड्याळ फळीवर मांडलं. "बोटीर घरचां घड्याळ ठेवतात, मगे घरात बोटीचां नको?" मामांनी समजावलं, की आता सगळ्याच बोटींवरच्या घड्याळातलं घर विलायतेतलं, धारगळचं नव्हे. मामींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तेव्हापासून मामा प्रत्येक पत्राच्या सुरुवातीलाच लिहीत, इथे तुमच्यापेक्षा इतके तास मागे. पत्र हातात आलं की मजकूर नंतर, आधी काटे. गंमत अशी की पत्र धारगळला पोचेपर्यंत बोट तिसऱ्याच बंदराला लागलेली असायची. "तुझ्या घड्याळात मी अजून एडनाक आसंय," म्हणून मामा चिडवत. मामी शांतपणे म्हणायच्या, "जितक्यां माका कळता, तितक्यां धरतंय."

आमच्या दुकानात तेव्हा कोकणी की मराठी यावरून रोज जुंपायची, आणि दोन्ही बाजू भांडायच्या एकाच बोलीत. गोव्याचं राज्य झालं त्या दिवशी बाबांनी गिऱ्हाइकांना पेढे वाटले. मामी पेढा हातात धरून विचारत्या झाल्या, आता आपली वेळ बदलणार का? नाही म्हटल्यावर त्यांनी तो निवांत खाल्ला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामांची बोट आखातात गेली. तिथे लढाई चालू होती. एक पत्र आलं, अडीच तास मागे म्हणून. मग काहीच आलं नाही. आखातात तेलाच्या बोटी पेटल्याचं रेडिओवर ऐकू येई. बोटीच्या कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर मिळे. गणपतीची चवथ आली, मूर्तीवर टांगायची फळांची माटोळी मामींनी एकट्यानेच बांधली. पाळीहून त्यांचे दीर आले होते. खाणीवर ट्रक चालवणारा तो दांडगा माणूस फळीकडे न बघता म्हणाला, "वैनी, तां घड्याळ आता पेटयेत घाल."

मामींनी घड्याळाला चावी दिली. "बंद पडलां तर ते खय आसत ता माका कसां कळतलां?"

ते घड्याळ फक्त शेवटच्या पत्राची जागा दाखवतंय, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. मला तर त्या घरात जायचीच भीती वाटू लागली.

एका दुपारी दुकानातला फोन वाजला. पलीकडे मामा होते. बाबांनी मला मामींच्या घराकडे हात केला. पुन्हा फोन करतो म्हणून मामांनी ठेवला आणि मी धावत जाऊन मामींना घेऊन आले. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. बोटीला आग लागली होती, मामांचे हात भाजले होते, कुणा दुसऱ्याच बोटीने सगळ्यांना उचलून मस्कतच्या इस्पितळात पोचवलं होतं. मामी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून हे सगळं ऐकत राहिल्या. बाबा हळूच म्हणाले, काहीतरी बोला. तेव्हा त्यांनी विचारलं, "थय आता किती वाजले?"

मामा हसल्याचं रिसीव्हरबाहेर आम्हालाही ऐकू आलं. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे.

घरी येऊन मामींनी फळीवरचं घड्याळ मांडीवर घेतलं आणि काटा पुढे सरकवला. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच बरोबर चालत होतं. "तासभर जवळ इले गो," त्या मला म्हणाल्या, आणि इतके महिने आवरून धरलेलं रडू त्यांनी आमच्यादेखत मोकळं सोडलं.