वरंधपर्यंतची ट्रायल

‘‘आधी बसू द्या,’’ असं म्हणून मेस्त्री गिऱ्हाइकाच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसायचे, दार लावून घ्यायचे आणि डोळे मिटायचे. इंजिन बंद. पाच मिनिटं, कधी दहा. पोलादपूरला हायवेच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. मेस्त्री गाडीचं दुखणं ऐकताहेत अशी सगळ्यांची समजूत, त्यामुळे बाहेर गिऱ्हाईक खोकलासुद्धा दाबून उभं राहायचं. तुम्ही असतात तर तुम्हीही राहिला असतात. मी तर शाळेत पोरांना एकाग्रतेचं उदाहरण म्हणून त्यांचं नाव सांगायचो.

एकदा न राहवून विचारलं, बसल्यावर नेमकं काय कळतं?

‘‘काय नाय, सर. पाठ टेकायला मिळते.’’

जन्मभर दुसऱ्यांच्या बॉनेटमध्ये वाकलेली पाठ होती ती. पुढे मी ते उदाहरण द्यायचं बंद केलं.

महाडला पाणी भरलं तेव्हा आळीतले लोक आपापल्या गाड्या उंचावर नेत होते आणि मी ‘एवढं काही येत नाही’ म्हणत गॅलरीत चहा पीत होतो. दुसरा कप होईपर्यंत गाडी बुडाली. मेस्त्रींनी ती ओढून नेली, सीटा उन्हात वाळवल्या, महिनाभर खपून चालू करून दिली. पुढे वर्षभराने डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. फोन केला, तर म्हणाले, दोन दिवस गाडी माझ्याकडे ठेवा.

दोन दिवस माझ्याकडे नव्हते. गाडी विकायला काढली होती आणि रविवारी गिऱ्हाईक यायचं होतं. उमरठचा शेतकरी. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला महाडला आणायचं, म्हणून त्याला गाडी हवी होती. हे मला ठाऊक होतं. तुम्ही या वाक्यापाशी थांबला असाल. मी थांबलो नव्हतो.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. दहा नंबरचा पाना घेतला, बॅटरीची काळी केबल सोडली, पंधरा मिनिटांनी जोडली. दिवा गेला. एवढ्याशा कामाला मेस्त्री दोन दिवस मागतात, याचं मला हसू आलं. काही अंतर गेल्यावर दिवा परत लागू शकतो, असंही त्या व्हिडिओत होतं. मी मनातल्या मनात महाड ते उमरठ अंतर मोजलं, तेवढ्यात काही लागत नाही असं ठरवलं आणि निवांत झोपलो.

रविवारी शेतकरी आला. गाडी घेताना आपल्या भरवशाचा माणूस सोबत आणतात, तसा त्यानेही आणला. मेस्त्रींना.

मेस्त्रींनी फक्त मान डोलावली आणि नेहमीप्रमाणे गाडीत जाऊन बसले. या वेळी मात्र त्यांनी डोळे मिटले नाहीत. डॅशबोर्डवरचं घड्याळ बघत राहिले. सकाळचे दहा वाजले होते आणि केबल काढल्यामुळे ते घड्याळ काहीतरी भलतंच दाखवत होतं. मेस्त्रींनी आपल्या मनगटावर पाहून ते नीट लावलं. बोलले काहीच नाहीत. पुराचंही नाही.

‘‘चला, ट्रायल घेऊ,’’ म्हणाले. शेतकरी पुढे बसला, मी मागे. आम्ही भोरच्या रस्त्याला लागलो. बिरवाडी गेली. मेस्त्रींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

‘‘सर, काय सांगायचं राह्यलंय का?’’

मी म्हणालो, टायर नवे आहेत.

पुढच्या चढावर पुन्हा तेच विचारलं. मी टेपरेकॉर्डरचे गुण सांगितले. शेतकरी बिचारा बाहेर बघत आईबद्दल बोलत होता. उठबस करवत नाही, रिक्षात धक्के सोसत नाहीत. मी त्या दिव्याच्या जागेवरची नजर काढत नव्हतो. वरंध आलं तेव्हा मेस्त्रींनी तिसऱ्यांदा विचारलं, फार दमलेल्या आवाजात, आणि मी सगळं ओकलो. पूर, दिवा, पाना.

शेतकरी माझ्याकडे मागे वळला. मग म्हणाला, ‘‘नीट करून द्याल तर घेतो, सर. आईला अर्ध्या वाटेत बसवून ठेवायची नाय मला.’’

परत येताना मेस्त्री मागच्या सीटवर झोपले आणि गाडी मी चालवली. महाड येईपर्यंत दिवा लागला नाही तो नाहीच. गाडीने माझी अब्रू राखली होती, मीच ती वरंधला टाकून आलो होतो.

पुढे शेडमध्ये सीटखालच्या वायरीच्या जोडाला हिरवा गंज सापडला. मेस्त्री तो साफ करत होते तेव्हा मी विचारलं, मी बोललोच नसतो तर?

‘‘तर भोरपर्यंत गेलो असतो,’’ ते म्हणाले. ‘‘पेट्रोल तुमचंच व्हतं.’’

यंदा होळीनंतर मेस्त्री गेले. शेडमध्ये आता टायरवाला बसतो.

परवा त्या शेतकऱ्याचा फोन आला. आई गेली, गाडी विकायची हाय, म्हणाला. तीन वर्षांत एकदाही वाटेत थांबली नव्हती. बघायला गिऱ्हाईक येणार होतं. ‘‘मेस्त्री असते तर त्यांना बसवलं असतं. आता तुमीच या.’’

मी उमरठला गेलो. गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं, त्याने न विचारलेलंही. पाणी कुठवर आलं होतं, ते दारावर हात ठेवून दाखवलं. हात खऱ्या खुणेच्या चार बोटं वरच ठेवला.