केळ्याची कबुली

विसरवाडीच्या फाट्याजवळ मधमाश्या पाळणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. कानात अत्तराचा फाया खोचून तो सकाळी प्रत्येक पेटीला सलाम करायचा. "गुरुजी, माशीना डोकामा रसायन ऱ्हास," तो समजावायचा. "ते बदलनं का तोच वास तिले येगळा लागस."

एकदा मी पेट्यांपाशी उभं राहून केळं खाल्लं. माश्या खवळल्या आणि त्यालाच डसल्या. त्याचा चेहरा भोपळा झाला. "मन्हा अत्तरनीच घात करा," म्हणत त्याने फाया फेकला आणि अत्तर कायमचं सोडलं.

माश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्याला केळ्यासारखा वास असतो, हे मी त्याच आठवड्यात वाचलं, तरी गप्प बसलो. सहा वर्षं!

परवा कबुली द्यायला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून पिशवीत अत्तराची कुपी घेतली, आणि सारंगखेड्याची पिकलेली केळीही.

"दोष अत्तराचा नव्हता, माझ्या केळ्याचा होता," मी पेट्यांपाशी जाऊन म्हणालो.

त्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुमले माफ करं, गुरुजी! पन पहिले ती पिशवी रस्तावर ठी या!"

मी कुपी त्याच्या हातात दिली आणि पिशवी घेऊन रस्त्याकडे धावलो. परतलो तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत फाये होते.