दोन बूस्टर आणि आबांचा अॅम्प्लिफायर

इचलकरंजीतल्या एका लग्नाच्या रिसेप्शनला, गाण्याच्या मधला माझा सोलो चालू असताना गिटारची पहिली तार तुटली. मी थांबले. सोलो थांबला नाही.

हॉलच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या मोठ्या बॉक्समधून गिटार वाजतच राहिली. एकही सूर चुकला नाही. तुकडा संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी माझ्याकडं बघून कौतुकानं मान हलवली. माझ्या बोटात तुटलेली तार लोंबत होती.

त्या ऑर्केस्ट्रात मी काही वर्षं वाजवत होते. आठवडाभर कोल्हापुरात शाळेत गणित शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी गिटार. पन्नाशी ओलांडलेली, काठापदराची साडी नेसलेली बाई इलेक्ट्रिक गिटार वाजवते म्हटल्यावर लोक मोबाइल वर करून शूटिंग करायचे. मला त्याचं काही वाटत नसे. वाजवणं ऐकायला येतात, तेव्हा बघणारच, अशी माझी समजूत. माझा अॅम्प्लिफायर माझ्या पाठीशी असायचा, त्याच्यातून मला माझं ऐकू यायचं. त्याच्यासमोर एक माइक लावलेला असे. तो माइक मिक्सरला जातो आणि तिथून मोठ्या बॉक्सना, एवढंच मला माहीत. बाहेरून जे यायचं तेही त्याच चालीतलं, म्हणून ते माझंच वाटायचं.

ऑक्टापॅड वाजवणारे माझ्याच वयाचे. सगळे त्यांना भाई म्हणत. सामान आवरताना मी त्यांना विचारलं, तर ते काठ्या पिशवीत घालता घालता थांबले.

"अक्का, तुमास्नी ठाऊक न्हवतं व्हय?"

"काय?"

"मिक्सरवर तुमचा चॅनेल बंद असतोय. गिटार रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवरनं येती. मला वाटलं, तुमच्याशी बोलून ठरलंय."

मी तशीच ऑर्केस्ट्राच्या मालकांकडं गेले. ते स्वतः कीबोर्ड वाजवायचे, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. आढेवेढे न घेता बोलले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"ताई, राग मानू नका. तुमचा आवाज बसत न्हाई. कीबोर्ड, बेस, ऑक्टापॅड, त्यात तुमची गिटार पार दबती. नुसतं घुंघुं ऐकू येतंय. मग ट्रॅकवरची सोडतो. तुम्ही स्टेजवर हाईसा ते बरं दिसतंय की. पार्ट्या मुद्दाम विचारत्यात, गिटारवाल्या बाई येणार न्हवं म्हणून."

"दिसतंय" हा शब्द मला लागला. शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर कुंड्या मांडतात, त्या बऱ्या दिसतात.

"आवाज बसत न्हाई तर मी बसवतो," मी म्हटलं. आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल असंच बोलतात. शाळेत मी सांभाळून 'बसवते' म्हणते, पण राग आला की माझी खरी भाषा बाहेर येते. "पुढच्या वेळी चॅनेल उघडायचा."

"आवाज आला तर उघडतो की," ते हसून म्हणाले.

घरी येऊन मी दोन दिवस धुसफुसत होते. मग गणिताची बाई असल्यानं आधी प्रश्न नीट मांडला. मालक मला न विचारता चॅनेल बंद ठेवत होते, ही त्यांची लबाडी. पण आवाज दबतो, हे खोटं नव्हतं.

माझा अॅम्प्लिफायर मूळचा आबांचा. आबा, म्हणजे माझे वडील, लग्नांना आणि जत्रांना कर्णे भाड्यानं द्यायचे. त्या काळातली व्हॉल्ववर चालणारी राखाडी लोखंडी पेटी. चालू केली की काचेचे व्हॉल्व हळूहळू तांबूस होतात आणि मग आवाज येतो. आबा गेल्यावर भावानं सगळं सामान मोडीत घातलं, तेवढी ती पेटी मी उचलून आणली आणि तिला गिटारची पिन अन् मोठा स्पीकर जोडून घेतला. आवाज उबदार, भरलेला, पण घोंगडी पांघरून बोलल्यासारखा. मला ओळखणारा प्रत्येक वाजवणारा सांगायचा, की ते भंगार काढा आणि नवीन डिजिटल घ्या. मी नाही काढलं. आता तर मुळीच काढणार नव्हते.

मी वाचायला लागले, ऐकायला लागले. तेव्हा कळलं की असल्या जुन्या, दबक्या आवाजाच्या व्हॉल्ववाल्या पेट्यांसाठीच फार पूर्वी एक साधन निघालं होतं, ट्रेबल बूस्टर. गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये पायाशी ठेवायची मुठीएवढी डबी. आत एक ट्रान्झिस्टर, वर एक बटण, पायानं दाबायचा एक खटका. खालचे जाड सूर ती आहेत तिथंच ठेवते आणि वरचे सूर एवढे उचलते की समोरचा व्हॉल्व गुरगुरायला लागतो. गर्दीत खालच्या आवाजाची जागा बेसनं आणि कीबोर्डनं आधीच बळकावलेली असते. वरची जागा मोकळी असते, तिथून वाट काढायची. हे माझ्या डोक्यात चटकन बसलं.

लक्ष्मीपुरीतल्या वाद्यांच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदारांनी चष्म्यावरून बघितलं.

"या. मुलासाठी बघायचंय?"

"माझ्यासाठी. ट्रेबल बूस्टर आहे का?"

ते थोडे गडबडले, पण लगेच सावरून त्यांनी एक भलीमोठी मल्टी इफेक्टची पाटी काउंटरवर ठेवली. तिच्यावर दिवे लुकलुकत होते. "हे घ्या की. यात शंभरावर आवाज हाईत."

"मला एकच पाहिजे."

"अहो, ह्यात त्यो बी हाय."

"मग बाकीचे तुम्हीच ठेवा."

ते हसले आणि आतल्या कपाटातून दोन डब्या काढून आणल्या. कुणीतरी पुण्याहून मागवल्या होत्या आणि न्यायला आलाच नव्हता. एकीत जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर, जुन्या पद्धतीचा. दुसरीत सिलिकॉनचा. दुकानातल्या छोट्या, बिनव्हॉल्वच्या अॅम्प्लिफायरला जोडून दोन्ही वाजवल्या, तर कानाला नकोसं झालं. सहाणेवर विळा घासल्यासारखा आवाज. समोरच्या पानपट्टीवरचे दोघं वळून बघायला लागले.

"बघा, म्हटलं न्हवतं का?" दुकानदारांनी पाटी पुन्हा माझ्याकडं सरकवली. "आता ही कोण वापरत न्हाई."

"उद्या येतो," मी म्हटलं. "माझी पेटी घेऊन."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं आणि मी मिळून आबांचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर रिक्षात घातला. नवरा संबंध वाटेत गुडघ्यावर स्पीकर धरून बसला होता. "तुला दुकानात न्यायचं म्हटल्यावर साडी घ्यायची असेल असं वाटायचं मला लग्नाच्या वेळी," तो म्हणाला. पेटी आत नेताना मात्र त्यानं दुकानातल्या माणसाला हात लावू दिला नाही.

व्हॉल्व तापले. मी आधी सिलिकॉनची डबी जोडली आणि खटका दाबला. घोंगडी कुणीतरी ओढून काढली. सूर स्वच्छ, टोकदार, समोर येऊन उभा राहिला. थोडा उद्धट होता, पण माझा होता. मग जर्मेनियमची जोडली. त्या आवाजात कंठ होता. टोक तेवढंच, पण कडा गोल. गिटारवरचं आवाजाचं बटण किंचित खाली केलं की तोच आवाज मवाळ होऊन बोलायला लागायचा. दुकानदार काउंटरच्या बाहेर येऊन उभे राहिले.

"नादखुळा," ते म्हणाले. "बाई, जर्मेनियमच घ्या. खरा बूस्टर त्योच. सिलिकॉन म्हणजे आपलं असंच."

मी वाचलं होतं त्यातही सगळे हेच सांगत होते. माझंही मन तिकडंच गेलं होतं. पण आणखी एक गोष्ट मी वाचली होती, की जर्मेनियमला ऊन सोसत नाही. मे महिना चालू होता. माझे कार्यक्रम पत्र्याच्या हॉलमध्ये नाहीतर कापडी मांडवात, भर दुपारी. मी दोन्ही डब्या उचलल्या आणि दुकानाच्या पायरीवर, कडक उन्हात नेऊन ठेवल्या.

"अहो, काय करताय?" दुकानदार धावले.

"लग्नाला नेतोय त्यांना."

"माल खराब हुईल की!"

"खराब झाला तर मी घेतो. दोन्ही."

नवऱ्यानं समोरून चहा सांगितला. आम्ही तिघं आत पंख्याखाली बसून पायरीवरच्या दोन डब्यांकडं बघत चहा प्यायलो. मग मी त्या आत आणल्या, हाताला चटका बसत होता, आणि पुन्हा जोडल्या. जर्मेनियमचा कंठ गेला होता. सूर फिसकटलेला, मागं कढईतल्या तेलासारखी चुरचुर. सिलिकॉन होता तस्साच, तेवढाच उद्धट.

"गार झाल्यावर येतंय ते परत," दुकानदार जर्मेनियमच्या बाजूनं म्हणाले.

"लग्न गार व्हायची वाट बघत न्हाई," मी म्हटलं आणि सिलिकॉनची डबी घेतली. 'खरा' कोणता हे ठरवणाऱ्यांनी कुरुंदवाडला मांडवात येऊन वाजवून दाखवावं. घरी आठवडाभर मी तिच्यासोबत बसले. गिटारवरचं टोनचं बटण जरासं मागं घेतलं की तिचा कर्कशपणा जातो आणि धार राहते, ते सापडलं. त्यासाठी शेजारच्या बाईंची दुपारची झोप मोडली, त्याचा मला तेव्हाही खेद झाला नाही.

पुढचा कार्यक्रम कुरुंदवाडलाच होता. मांडवात जेवणाच्या पंगती एका बाजूला आणि आम्ही एका बाजूला. दर वेळी माझा अॅम्प्लिफायर पाठीमागं असे. त्या दिवशी मी तो स्टेजच्या तोंडाशी खुर्चीवर ठेवला, स्पीकर लोकांकडं. मालकांनी तारा जोडता जोडता बघितलं.

"हे काय, ताई?"

"माझा चॅनेल उघडणार का?"

"आधी ऐकू तर द्या."

"तेच करतोय."

पहिली दोन गाणी मी निमूट साथ केली. तिसऱ्यात सोलोची जागा होती. मालकांनी नेहमीसारखी ट्रॅकवरची गिटार सोडली. मी खटका दाबला, आणि ट्रॅकवरचे सूर न वाजवता माझे वाजवले. त्याच सुरावटीतून निघून दुसरीकडं जाणारे, घरी बसून जुळवलेले. मिक्सर नाही, माइक नाही, आबांची पेटी सरळ मांडवात बोलायला लागली. वाढपी भाताचं पातेलं घेऊन उभाच राहिला. मालकांनी डोळ्यांनी खुणावलं, मग हातानं, मग तोंडानं, "कमी करा!" मी त्यांच्याकडं बघत वाजवत राहिले. ट्रॅक एकीकडं आणि मी एकीकडं, असा विचका होणार असं दिसत असताना भाईंनी ऑक्टापॅडवर ट्रॅकची लय सोडली आणि माझी धरली. आता ट्रॅकच परका वाटायला लागला. मालकांना तो बंद करावा लागला.

मी लांबवला तो सोलो. गरजेपेक्षा जास्तच. पंगतीतले लोक हात वाळवत बघत होते. संपल्यावर एक फेटेवाले म्हातारे स्टेजपाशी आले आणि मालकांना विचारलं, "पावणं, ह्या बाई खरंच वाजवत्यात व्हय?"

मालकांच्या आधी मीच उत्तर दिलं. "आजपास्नं व्हय."

गाडीत सामान भरताना मालक भडकले होते. "कार्यक्रम माझा हाय, ताई. माझ्या कार्यक्रमात मी सांगीन तसं वाजलं पायजे."

"कार्यक्रम तुमचा. गिटार माझी. ती गप्प उभी ऱ्हाणार न्हाई."

"मग दुसरीकडं बघा."

"बघतो."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर मला त्यांचा फोन आला नाही. पुढच्या हंगामात त्यांच्या स्टेजवर एक कॉलेजातली मुलगी गिटार घेऊन दिसते असं कळलं. मी तिचा नंबर मिळवून तिला फोन केला आणि एवढंच सांगितलं, की कधीतरी मधेच थांबून बघ. तिनं बघितलं की नाही, ते मला माहीत नाही.

भाईंनीही तो ऑर्केस्ट्रा सोडला. मी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं आणि एक गाणारे निवृत्त पोस्टमन, असे तिघं आता छोटे कार्यक्रम करतो. ट्रॅक नाही, कीबोर्ड नाही. बोलावणी कमी येतात. "बाई, जरा हळू," असं सांगणारं प्रत्येक ठिकाणी कुणीतरी भेटतंच. मी ऐकून घेते आणि बटण आहे तिथंच ठेवते.

मागच्या महिन्यात कबनूरला एका बारशाला वाजवलं. यजमानांच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना, आणि तो त्या दिवशीही चालू. भिंतीपलीकडून मागांचा असा खडखडाट, की पाळण्यापाशी उभ्या बायका एकमेकींच्या कानात ओरडून बोलत होत्या. यजमान अवघडून म्हणाले, "शेजाऱ्यांना सांगून माग थोडा वेळ बंद करायला लावू का?"

"चालू दे की," मी म्हटलं आणि डबीवरचं ते एकुलतं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

निघताना बाळाच्या आजीनं माझ्या हातावर सुंठवडा ठेवला. "गाणाऱ्याचं काय कळलं न्हाई बघा," ती म्हणाली. "खरं तुमची गिटार सगळी ऐकली."