गोलरेषेमागची चार बोटं

चुनेकाका गोलपोस्टापाशी मेलेल्या भावाशी बोलतात, अशी वदंता होती. साफ खोटं! भाऊ आमच्या संघाचा गोलकीपर. काका नाकात सूर काढून म्हणायचे, "अगं, तो जिवंतपणी कधी बोलला नाही, आता काय बोलणार?" काका खेकसायचे ते रेषेवर.

मैदानावर चुन्याच्या रेषा मारणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. संघाच्या इतिहासातले तीन क्षण सगळ्यांना तोंडपाठ: फुटलेल्या डोक्याला पट्टी बांधून मारलेला हेडर, अर्ध्या मैदानावरून गेलेली फ्री किक, आणि शेवटच्या मिनिटाला भावानं गोलरेषेवर दाबून धरलेला चेंडू. त्या चेंडूनं एकुलता एक चषक दिला. पण त्या सकाळी काकांची दोरी सरकली होती. रेषा चार बोटं मागे, जाळीकडे पडली होती. नीट पडती, तर तो सरळ गोल होता.

भाऊ गेला आणि ती चुकलेली रेषा गवतातून उगवू लागली. पांढरी, ओलसर. काका खरवडायचे, दटावायचे, "पुरे की आता!" आठवड्यात पुन्हा हजर.

एका दुपारी काका काळजीत माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी तिथे भावाच्या नावाची पाटी बसायची होती, वहिनींच्या हातून. वहिनींची नजर तिखट. रेषा दिसली की त्या विचारणार, आणि त्यांच्याशी खोटं बोलणं काकांना कधी जमलं नव्हतं. नवऱ्याचा पराक्रम मातीत जाणार होता.

"जुना चुना मुरलाय, दुसरं काय!" मी म्हटलं. "खणून नवी माती भरू. उद्या रेषा दिसली, तर हंगामभर संघाचे मोजे मी धुते."

"लागली पैज," काका म्हणाले. "मीच हरलो तर बरं."

हातभर खणलं. खाली चुन्याचा कणही नव्हता. माती भरली, तुडवली.

सकाळी काळ्याभोर मातीवर रेषा होती, पूर्वीपेक्षा ठळक. तिच्यावर दोन गुडघ्यांचे खळगे.

"भावजी, ही काय भानगड?" पाटी घेऊन आलेल्या वहिनींनी विचारलं.

काकांनी एका दमात सगळं सांगितलं.

"ह्यांना माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं होतं."

"म्हणून झोपेत हात पुढे करून चाचपडायचे होय," वहिनी म्हणाल्या, आणि पाटी काखोटीला मारून घरी निघाल्या.

काकांनी त्या दिवशी रेषा खरवडली नाही. मी मोजे धुतेय. गोलकीपरच्या मोज्यांवरचा चुना काही केल्या निघत नाही.