दांड्यांना टपल्या

न्यूझीलंडमध्ये मनुरेवाला लेकीकडे आल्यापासून मी रोज सकाळी होड्यांच्या शर्यतींसाठी बांधलेल्या जवळच्या कृत्रिम नदीवर जाते. जावयाच्या घरात उगाच कुठे अडचण नको. तिथे एक जर्मन बाई उसळत्या पाण्यात, वरून टांगलेल्या दांड्यांमधून होडी काढायची. आधी काठावर डोळे मिटून, नुसत्या हातांनी सगळी वळणं घेऊन बघायची.

"दांडीला धक्का लागला की दोन सेकंद दंड. वीस वर्षं अंग चोरून काढली," ती एकदा म्हणाली.

तिच्या आयुष्यातली शेवटची शर्यत संपल्यावर दुसऱ्याच सकाळी ती दिसेल त्या दांडीला टपली मारत, किंचाळत खाली आली.

"दंड किती?" मी ओरडले.

"हीप्स! ढीगभर!" ती खिदळली.

परतताना मी घरांपुढच्या एकूण एक लेटरबॉक्सला टपली मारली. शेवटची दारातल्या नव्याकोऱ्या गाडीला. जावई खिडकीतच उभे होते.