पस सेल पंधरा ते वीस

उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीन वर्षं काढली. मुलांच्या जुलाबाचे सँपल बहुतेक माझ्याकडेच यायचे. बुवापाड्यातल्या शेजारणी नाक मुरडून विचारायच्या, "किळस नाही येत?" पहिल्या आठवड्यात यायची. नंतर हात धुतले की मी खुशाल डबा खायचे.

एका पावसाळ्यात बारवी धरणाकडच्या पाड्यावरून एक बाई दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन आली. सँपल बामच्या बाटलीत होतं.

"बाटली उकळत्या पाण्यात धुतलीय, ताई," ती आधीच म्हणाली.

"रक्त पडतंय? शेंबडासारखं काही? ताप?"

"नाय. नुसतं पाणी. दोनदा ओकला."

मी स्लाइड लावली. जंतूंचा जुलाब असला की बहुतेक वेळा पस सेल, म्हणजे पुवाच्या पेशी, ढिगाने दिसतात, रक्तही दिसतं. इथे शोधून एखादी सापडली. एवढ्यावरून खात्री देता येत नाही, पण त्या पोराला जंतूंचा जुलाब असावा असं एकही लक्षण नव्हतं. त्याला ओआरएस हवं होतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मात्र पाच दिवसांची अँटिबायोटिकची इंजेक्शनं रिपोर्टच्या आधीच लिहिलेली होती.

लॅबचे मालक दाढेत अडकलेलं काहीतरी टाचणीने काढत माझ्या मागे उभे राहिले.

"पंधरा ते वीस टाक."

"सर, जेमतेम एखादी दिसली."

"डॉक्टरांनी औषध चालू केलंय. आपण त्यांना खोटं पाडायचं? त्यांचेच पेशंट येतात ना आपल्याकडे?"

मी हात मागे घेतले. त्यांनी कीबोर्ड ओढून त्याच बोटांनी आकडा टाकला, प्रिंट काढली आणि माझ्यापुढे सरकवली. मी सही केली. नाही केली तर नवी नोकरी शोधावी लागेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

बाईला मी जिन्यात गाठलं. "ताई, पोराला जंतूंचा जुलाब वाटत नाही. ओआरएस पाजत राहा, अंगावरचं दूध तोडू नका. रक्त पडलं किंवा सुस्तावला तर लगेच सरकारी दवाखान्यात न्या. सुईची गरज वाटत नाही."

तिने रिपोर्ट उलटसुलट करून बघितला. "मग ह्यात काय लिवलंय?"

ती कागदाची घडी घालून डॉक्टरकडे गेली.

दहाएक दिवसांनी ती जावेच्या मुलीला घेऊन आली. पोरगा बरा होता. "सुयांनीच थांबलं, ताई," ती आनंदाने म्हणाली आणि शेतातल्या चार काकड्या टेबलावर ठेवल्या. तसले जुलाब चार-पाच दिवसांत आपोआप थांबतात, हे मी तिला सांगितलं नाही. मालकांनी एक काकडी तिथेच कापली, मीठ लावून खाल्ली आणि मलाही फोड दिली. ती माझ्याने गिळवेना.

दिवाळीनंतर मी ती नोकरी सोडली.